भीती नक्की कुठल्या पानावर वाटली?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की भयकादंबरीचा रिव्ह्यू वाचून क्वचितच काही कळतं, सगळ्यांच्या अंगावर काटा येतो आणि सगळे एका बैठकीत वाचून संपवतात. त्यावर पत्रांचा नुसता पाऊस, निम्मी रागावलेली. त्यातली काही इथे घेतेय. आवडत्या लेखकाचं नाव बहुतेकांनी दिलंय पण मी ते गाळलंय, कारण मग चर्चा लेखक चांगला की वाईट यावरच जाते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

प्रश्न : ताई, मी एका लेखकाच्या भय आणि सस्पेन्स कादंबऱ्यांचा अक्षरशः वेडा आहे. २२ वाचून झाल्यात, सगळ्यांवर लिहायचं ठरवलंय, ६ लिहूनही झाले पण सगळे रिव्ह्यू एकसारखेच वाटतात. नमुना पाठवतो : "लेखकाने पुन्हा एकदा कमाल केली आहे. पहिल्या पानापासून खिळवून ठेवणारी, अंगावर काटा आणणारी कादंबरी. एका बैठकीत संपवली. रात्री एकट्याने वाचू नका!" यात काय चुकतंय?

उत्तर : चुकत काहीच नाहीये हो. फक्त ह्या ओळी बाविसातल्या कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवल्या तर चिकटतील, आणि दुसऱ्या कुठल्याही लेखकाच्या पुस्तकाखालीसुद्धा, तीच तर गोची आहे. म्हणून मी तुम्हाला उलट एकच विचारलं होतं की भीती नक्की कुठल्या पानावर वाटली? "शेवटाकडे" वगैरे नको, पान सांगा. तुम्ही दोन दिवसांनी कळवलंत, परत चाळून बघितलं, पान ११२.

आणि पान ११२ वर भूत नाहीच! नायक सकाळी घाईत दात घासतोय, नळ गळतोय, प्लंबरला फोन करायचा राहिलाय, आणि त्याच लांबलचक वाक्यात लेखक सांगून जातो की ग्लासात चार ब्रश होते, चारही ओले. घरात माणसं तीन. चौथा ब्रश गेल्या वर्षी वारलेल्या भावाचा, आईला तो टाकवला नाही म्हणून राहिलाय, हे आपल्याला पान ३१ वर कळलेलं असतं आणि तेव्हा ते वाचून आपल्याला फक्त वाईट वाटलेलं असतं. नायकाचं लक्ष नळाकडे. पुढचं वाक्य ऑफिसच्या मीटिंगबद्दल.

अहो, हे लिहा ना! हे तुमच्या २२ पुस्तकांतल्या फक्त ह्याच एका पुस्तकाबद्दल खरं आहे. आणि एकदा पान सापडलं की पुढचं आपोआप सुचत जातं, म्हणजे भीती का वाटली? तर जे आपल्याला दिसलं ते नायकाला दिसलं नाही. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा ते हेच, बॉम्ब नुसताच फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे आधी प्रेक्षकाला सांगून टेबलाशी बसलेल्यांना गप्पा मारू दिल्या तर १५ मिनिटांचा सस्पेन्स. तुमच्या लेखकाने बॉम्बच्या जागी ओला ब्रश ठेवलाय. त्या पानानंतर नायक बाथरूममध्ये गेला की आपण जीव मुठीत धरून वाचतो, आणि तो बिचारा दाढी करत असतो. हे करायला त्याला एकही विशेषण लागलं नाही. "भयाण", "गूढ", "अमानवी" यातलं त्या पानावर काहीसुद्धा नाही, मी तुम्ही पाठवलेला उतारा दोनदा वाचून खात्री केली.

दुसरं म्हणजे तुम्ही पत्रात लिहिलंय की पान १९० नंतर भाऊ प्रत्यक्ष दिसायला लागतो, सडलेला चेहरा, किडे वगैरे, आणि तिथे "भीती कळसाला पोचते". मला शंका आहे. तिथे तुम्हाला किळस आली असणार, आणि किळस आणि भीती ह्या सख्ख्या बहिणी असल्या तरी एक नव्हेत. आपल्याकडे नाट्यशास्त्रात भरताने आठ रस सांगितले त्यात भयानक वेगळा आणि बीभत्स वेगळा, एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. तिकडे अमेरिकेत भयकादंबरीकार स्टीफन किंगने १९८१ साली भयसाहित्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही त्याने अशीच उतरंड लावलीय. सगळ्यात वर ती भीती जिच्यात अजून काहीच दिसलेलं नसतं, ती जमली नाही तर समोर काहीतरी भयंकर उभं करायचं, आणि तेही नाही जमलं तर सरळ किळस आणायची. आणि आपण वेळ पडली तर तिसऱ्या पायरीवरही उतरतो हे तो स्वतःच कबूल करतो. तर तुमच्या रिव्ह्यूत तुमचा लेखक कुठल्या पायरीवर किती वेळ रमतो एवढं जरी आलं तरी वाचणाऱ्याला कळेल की हे पुस्तक आपल्यासाठी आहे का नाही. काही जणांना किडेच हवे असतात, त्यांचंही बरोबर आहे.

माझी स्वतःची सवय सांगते. वाचताना हातात पेन्सिल असते, पुस्तकातून मान वर करून दाराकडे किंवा खिडकीकडे बघितलं की समासात एक टिंब. विचार करायचा नाही, नुसतं टिंब. एका जाडजूड कादंबरीत टिंबं पडली तीन, तिन्ही पहिल्या शंभर पानांत, पुढची तीनशे पानं कोरी. मला त्या पुस्तकाबद्दल काय लिहायचंय ते वेगळं शोधावंच लागलं नाही.

आणि हो, "एका बैठकीत संपवली" ही ओळ काढाच. त्यातून पुस्तकापेक्षा तुमच्या सुट्टीबद्दलच जास्त कळतं.

प्रश्न : सस्पेन्स कादंबरीबद्दल लिहिताना किती सांगायचं? मी एकदा फक्त "शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे" एवढंच लिहिलं तर एक मैत्रीण चिडली, म्हणाली स्पॉयलर दिलास. मी तर काहीच सांगितलं नव्हतं!

उत्तर : सांगितलं होतंस की. "ट्विस्ट आहे" हे वाचलं की वाचणारा पहिल्या पानापासून प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागतो, जो सगळ्यात सज्जन दिसतोय त्याच्यावर खूण करून मोकळा होतो, आणि गंमत म्हणजे दहातल्या सात वेळा त्याचं बरोबर येतं (हा सातचा आकडा माझ्या मनचा, सर्व्हे वगैरे काही नाही). "निवेदकावर फार विश्वास ठेवू नका" हे तर त्याहून वाईट, ते म्हणजे खून कोणी केला ते हळू आवाजात सांगणं.

मी स्वतः यात सपशेल आपटलेय. एका कादंबरीवर लिहिताना फार हुशारी करून "डॉक्टरांच्या पात्राकडे नीट लक्ष द्या" अशी ओळ टाकली, मला वाटलं केवढं सूचक लिहिलं. एका वाचकाने कळवलं की त्याने पान ४० वरच ओळखलं आणि उरलेलं पुस्तक चडफडत वाचलं. तेव्हापासून मी पात्रांकडे बोट दाखवणं सोडलं.

आता याची दुसरी बाजूही आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, काहींना न सांगता, तर शेवट माहीत असलेल्यांना कथा उलट जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. पण त्या छोट्या कथा होत्या. साडेतीनशे पानं एकाच प्रश्नावर जागणाऱ्या माणसाचं तसंच होईल असं मी त्यावरून धरून चालणार नाही. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' हे रहस्यनाटक १९५२ पासून चालू आहे आणि प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. एवढ्या वर्षांत ते गुपित किती जणांना कळलं असेल! तरी विनंती चालूच आहे, आणि लोक पाळतातही बरेचसे.

माझा हिशोब साधा आहे. पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे घडतं ते बिनधास्त सांग. त्यानंतरचं सांगायचं तर घटना न सांगता परिणाम सांग, म्हणजे "मध्यावर कथेचा वेग पडतो आणि तीन प्रकरणं चौकशीतच जातात" हे चालेल, कुणाची चौकशी ते नको. आणि शेवटावर भांडायचंच असेल, कधी कधी भांडावंच लागतं, तर मध्ये ठळक ओळ टाक की इथून पुढे शेवट उघड केलाय, आणि मग मनसोक्त भांड. शेवटाबद्दल काहीच न बोलता सस्पेन्स कादंबरीचा पूर्ण न्याय करता येत नाही, कारण निम्म्या कादंबऱ्या तिथेच माती खातात.

प्रश्न : माझा सगळ्यात लाडका लेखक, मी त्याच्या पुस्तकांवर वाढलोय म्हटलं तरी चालेल. त्याची नवीन भयकादंबरी आली, पहिल्याच दिवशी घेतली आणि वाईट निघाली. म्हणजे खरंच वाईट. आता लिहू का नको? लिहिलं तर गद्दारी केल्यासारखं वाटतंय आणि गप्प बसलो तर बाकीच्यांवर लिहिलेलं सगळं खोटं वाटायला लागतंय.

उत्तर : तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंय. लिहा.

पण कसं लिहायचं ते बोलू, कारण फॅन माणूस नाराज झाला की दोनच गोष्टी करतो, एक तर सांभाळून घेतो ("थोडी संथ आहे पण मुरल्यावर आवडेल") नाहीतर एकदम घटस्फोट ("लेखक संपला"). दोन्हीत पुस्तक दिसत नाही. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी नव्या वाचकाकडे नाही, ती म्हणजे तुम्हाला या लेखकाच्या खोड्या माहीत आहेत. त्याच्याकडे कायम पाऊस पडतो, लाइट नेमके त्याच वेळी जातात, जुना नोकर अर्धवट वाक्य बोलून गप्प होतो, सगळं खरं ना? मग बघा की हेच सगळं आधीच्या चांगल्या पुस्तकात का चाललं आणि इथे का नाही. तिथे लाइट गेल्यावर काहीतरी घडत होतं, पुढे तीन पानांनी त्याचा हिशेब लागत होता. इथे लाइट जातात कारण प्रकरण संपवायचंय. असं दोन पुस्तकांतली दोन पानं शेजारी शेजारी ठेवून लिहिलंत ना की कुणी तुम्हाला गद्दार म्हणणार नाही, आणि म्हटलं तर म्हणू दे.

कव्हरवरच्या नावाचा किती परिणाम होतो याचा एक किस्सा आहे. स्टीफन किंगने काही कादंबऱ्या रिचर्ड बाखमन या टोपणनावाने काढल्या होत्या, १९८५ मध्ये ते गुपित फुटलं. त्याच्या जेमतेम आधी आलेली त्या नावाची 'थिनर' (१९८४) तोवर २८ हजारांच्या आसपास खपली होती, खरं नाव कळल्यावर खप दहापट झाला. आतला शब्दन् शब्द तोच! तर रिव्ह्यू लिहायच्या आधी पाच मिनिटं मनातल्या मनात कव्हरवर दुसरंच नाव लावा, अनोळखी, पहिलं पुस्तक. मग ते "थोडी संथ आहे" तुम्ही माफ केलं असतं का? आणि उलटही करून बघा, अनोळखी लेखक असता तर हे एवढे चिडला असतात का. माझा अनुभव असा की चिडण्याचा निम्मा भाग पुस्तकाचा नसतो, आपल्या चौदाव्या वर्षी जे वाटलं होतं ते परत वाटलं नाही याचा असतो. ते रिव्ह्यूत प्रामाणिकपणे एका वाक्यात लिहावं आणि पुढे जावं.

प्रश्न : लहानपणापासून ज्या कादंबरीने झोप उडवली ती परदेशी कादंबरीवरून घेतलेली आहे हे मला आता कळलं. फसवल्यासारखं झालंय. रिव्ह्यूत हे लिहू? का उगाच लेखकाची बदनामी?

उत्तर : मराठीत भयकथा वाचणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा दिवस येतोच. नारायण धारपांची 'लुचाई' वाचून ज्यांनी रात्री खिडक्या लावून घेतल्या त्यांना कधीतरी कळतंच की तिच्यामागे किंगची १९७५ ची 'सेलम्स लॉट' आहे. बरं, किंगनेही लपवलेलं नाही की त्याच्या कादंबरीमागे १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला उभा आहे, तो रक्तपिपासू सरदार आजच्या अमेरिकेतल्या एका लहानशा गावात आला तर काय होईल हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे आपण जिला घाबरलो ती भीती दोन-तीन हातांतून आलेली. म्हणून ती खोटी होती का? तुमची झोप तर खरीच उडाली होती.

लिहा, जरूर लिहा, पण सुरुवातीला, एका सरळ वाक्यात, की ही अमुक कादंबरीवर आधारलेली आहे. शोधपत्रकारितेचा आव आणून शेवटी "धक्कादायक सत्य" म्हणून नका काढू. मूळ लेखकाचं नाव पुस्तकात दिलेलं नसेल तर तेही स्पष्ट लिहा, ती तक्रार रास्त आहे, ज्याचं श्रेय त्याला मिळायला हवं, माझा लाडका लेखक असला तरी. फक्त ती तक्रार आणि "भीती वाटली का" हे दोन वेगळे मुद्दे आहेत, त्यांचा काला करू नका.

आणि मग खरं मजेचं काम सुरू होतं. मूळ मिळालं तर दोन्ही वाचा आणि काय बदललंय ते बघा. परक्या कथेत क्रूसाने सैतान पळतो, आपल्या वाचकाच्या मनात क्रूसाला तो वचक नाही, मग रूपांतर करणाऱ्याने त्या जागी काय ठेवलं? नुसतं चिन्ह बदललं का त्यामागची श्रद्धाही उभी केली? तिकडे नायक एकटा राहतो, इकडे त्याला काका-मावश्या लागतात, भरल्या घरात भीती कशी शिरवली? आणि भाषा. "कोणीतरी आहे तिथं" या साध्या वाक्यात जो गारवा आहे तो कुठल्या अनुवादातून आला नाही, तो त्या मराठी लेखकाचा स्वतःचा. कुठे नुसतं उचललंय आणि कुठे स्वतःचं रक्त घातलंय, दोन्हीची पानं द्या.

प्रश्न : पाचपैकी स्टार द्यावेत का?

उत्तर : द्यायचे तर द्या, लोकांना बरं वाटतं. पण भीतीला वेगळे आणि कथेला वेगळे द्या. तर्काने पार भोकं पडलेल्या काही कादंबऱ्या मी आजही घरात एकटी असताना उघडत नाही.

प्रश्न : वय वर्षं ६१. पूर्वी ज्या पुस्तकांनी थरकाप व्हायचा ती आता परत वाचली तर काहीच होत नाही. नवीन पिढीसाठी त्यांच्यावर लिहावं असं वाटतं पण जी भीती आता वाटतच नाही तिच्याबद्दल काय लिहू?

उत्तर : काका, तुमच्याकडे तर दोन वाचनं आहेत, आमच्याकडे एकच! आधी पुस्तक न उघडता आठवेल ते लिहून काढा, कुठला प्रसंग, कुठला आवाज, कुठली खोली. मग परत वाचा आणि तो प्रसंग खरंच पुस्तकात आहे का ते बघा. मी हे केलं तेव्हा कळलं की मला पस्तीस वर्षं घाबरवणारा तो जिना पुस्तकात नव्हताच, लेखकाने फक्त वरच्या मजल्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज दिला होता, जिना मी बांधला होता. आणि भीती नसताना वाचलं की सुतारकाम दिसतं, कुठला खिळा कुठे ठोकलाय ते. पान ३१ वर तो ब्रश किती बेमालूम ठेवलाय हे पहिल्यांदा वाचताना कुणाच्या लक्षात येतं हो? ते दुसऱ्या वाचनातच दिसतं.

प्रश्न : रिव्ह्यू लिहून झाल्यावर लेखकाला पाठवावा का?

उत्तर : चांगला असेल तर पाठवा, आणि पान नंबर टाकून पाठवा, त्यांना तेवढंच वाचायचं असतं. वाईट असेल तर नको, त्यांच्यापर्यंत तो आपसूक पोचतो, अशी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. आणि पत्राच्या शेवटी पुढचं पुस्तक कधी येणार हे विचारू नका.